वाचकांचे प्रश्न : मेलने दाखवलेल्या वाटेने जायचं नाही

मागच्या अंकात ईमेलवरच्या फसवणुकीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतके आले की सगळ्यांना जागा देता येत नाहीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापली नाहीत, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती आणि ती बरोबरच आहे.

इन्कम टॅक्सचा रिफंड मंजूर झालाय, बँक खातं कन्फर्म करा असा मेल आलाय. वर राजमुद्रा, खाली अधिकाऱ्याची सही, मराठी एकदम शुद्ध. माझा रिफंड खरंच यायचाय. हा मेल खरा की खोटा कसं ओळखू?
– एक शिक्षिका, इंदिरानगर

ताई, तुमचा रिफंड खरंच यायचाय हेच त्या चोरांचं भांडवल आहे. त्यांना तुमच्याबद्दल काही माहीत नसतं, रिटर्नच्या दिवसांत ढिगाने लोकांना एकच मेल सोडून द्यायचा, ज्यांचा रिफंड अडकलाय ते आपोआप गळाला लागतात. २०२३ मध्ये १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाल्याचा मेसेज असाच सगळीकडे फिरला होता, शेवटी केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकला तो खोटा आहे म्हणून जाहीर करावं लागलं. आणि शुद्ध मराठीवर तर आता अजिबात जाऊ नका. आधी असले मेल ट्रान्सलेट करून काढलेले असायचे, दोन ओळी वाचल्या की कळायचं. आता एआयकडून कुणीही सुबक मराठी लिहून घेतं, लोगो आणि सही तर कॉपी-पेस्टच.

म्हणून मी म्हणते, मेल खरा की खोटा हे ठरवत बसूच नका, त्याने दाखवलेल्या वाटेने जायचं नाही एवढं धरून ठेवा. रिफंड बघायचाय ना, मग ब्राउझर उघडा, इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा, लॉगिन करा, स्टेटस तिथे दिसतो. रिफंड जमा होतो तो तुम्ही पोर्टलवर आधीच प्री-व्हॅलिडेट केलेल्या, म्हणजे पडताळून ठेवलेल्या खात्यात, त्यासाठी मेलमधल्या फॉर्मवर काही भरायची गरजच नसते, आणि पिन, पासवर्ड, ओटीपी हे तर विभाग मेलवरून मागतच नाही. नोटीस आलीय असं कुणी म्हणत असेल तर तिच्यावरचा डिन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर हा नंबर टाकायचा नियम आहे आणि पत्र खरंच विभागाने काढलंय का ते पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतं.

तरी लिंक वाचता यायलाच हवी, कारण कधीतरी घाईत बोट पडतंच. मोबाइलवर लिंक दाबून धरा, उघडू नका, खरा पत्ता वर येतो. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याच्यापुढच्या दोन रेघा सोडून द्या, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचाच भाग घ्या आणि तो मागून पुढे वाचा. समजा लिहिलंय "इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट रिफंड-क्लेम डॉट टॉप". सुरुवात बघून वाटतं सरकारी आहे, पण मालक शेवटी असतो आणि शेवटी आहे "रिफंड-क्लेम डॉट टॉप", जो कुणीही थोडक्या पैशात विकत घेऊ शकतो. पत्रावरच्या पत्त्यासारखंच आहे हे, घराला नाव काहीही द्या, गाव शेवटच्या ओळीत कळतं. सरकारी पत्ता जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन वरच संपला पाहिजे, त्यानंतर तिरकी रेघ किंवा काहीच नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये वेगळीच सोय केलीय, बँकांच्या वेबसाइट आता "डॉट बँक डॉट इन" वर संपतात. त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती आणि हे शेपूट बँक सोडून दुसऱ्या कुणाला मिळत नाही. आपल्या बँकेचा पत्ता एकदा पासबुकवर लिहूनच ठेवा.

वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत. हयातीचा दाखला अपडेट नाही, पेन्शन थांबेल असा मेल आला, त्यांनी लिंकवर नेटबँकिंगचा आयडी, पासवर्ड आणि ओटीपी भरला. चाळीस हजार गेले. काल रात्रीची गोष्ट आहे. ते कुणाशी बोलत नाहीयेत. पैसे मिळतील का?
– एक वाचक, जेलरोड

दादा, तुमचा मेल आला त्याच दिवशी तुम्हाला फोनवर सांगितलंय, इथे बाकीच्यांसाठी लिहिते. पहिलं काम १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, चोवीस तास चालतो. खाते नंबर, किती वाजता किती गेले, ट्रान्झॅक्शनचा रेफरन्स नंबर हे हातात ठेवून फोन करा. ते नोंद करून पुढच्या बँकेला कळवतात आणि पैसे जिथे पोचले त्या खात्यात शिल्लक असतील तेवढे गोठवले जातात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, पुढे पुढे ढकलतात, म्हणून सकाळी बँक उघडल्यावर बघू हा विचार नको. मग बँकेच्या हेल्पलाइनवर नेटबँकिंग बंद करून घ्या आणि तक्रार नंबर मागून लिहून ठेवा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. आपल्याकडे नाशिकला शहराचं आणि ग्रामीणचं सायबर पोलीस ठाणं वेगळं आहे, पण त्या गोंधळात पडू नका, १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते.

पैशांचं खरं खरं सांगते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात ग्राहकाने स्वतः पासवर्ड-ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, असं आहे. म्हणजे तुमची सगळी आशा गोठवलेल्या रकमेवर. पण कळवल्याची वेळ नोंदवलेली असणं किती महत्त्वाचं आहे ते यावरून कळेल. आणखी एक, थोड्या दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फी भरा" असे फोन-मेल येतील, ती त्याच धंद्याची दुसरी फेरी आहे, एक रुपया देऊ नका.

हयातीचा दाखला बँकेत जाऊन, जीवन प्रमाणच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून किंवा पोस्टमनला घरी बोलावून देता येतो, नेटबँकिंगच्या पासवर्डचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. आणि वडिलांना कुणी, अगदी कुणीही, "तुम्हाला कळलं कसं नाही" असं म्हणू नका. आयुष्यभर ज्यांनी सरकारी कागदाचा मान ठेवला त्यांना सरकारी दिसणारा कागद दाखवून लुटलंय, यात त्यांची लाज वाटण्यासारखं काही नाही. घरात बोलणं झालं की पुढचा मेल ते स्वतःहून तुम्हाला दाखवतील. गप्प बसायला लागले तर दाखवणार नाहीत, आणि त्यात जास्त धोका आहे.

आमचं पिंपळगावजवळ पॅकहाऊस आहे, युरोपला द्राक्षं जातात. या सीझनला बायरला आमच्या नावाने मेल गेला की आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, पेमेंट नवीन खात्यात टाका. इन्व्हॉइस आमचंच, कंटेनर नंबरही आमचाच, फक्त खातं वेगळं. त्याने पैसे पाठवले. आता तो म्हणतो मी तर दिलेत. हे झालं कसं?
– एक निर्यातदार, निफाड तालुका

दादा, हे वाचून पोटात कालवलं, कारण त्या एका कंटेनरमागे कितीतरी बागायतदारांची छाटणीपासूनची मेहनत आणि उसनवारी असते. ही फसवणूक एका रात्रीत होत नाही. तुमच्या किंवा बायरच्या मेलबॉक्समध्ये चोर आधीच बसलेला असतो, कुणीतरी ऑफिसमधल्या पोराने "तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथे लॉगिन करा" अशा लिंकवर पासवर्ड दिलेला असतो आणि मग तो नुसता वाचत राहतो, माल कधी निघाला, कागदपत्रं कधी गेली, पेमेंट कधी ड्यू आहे. बरोबर त्या आठवड्यात मेल टाकतो. म्हणून कंटेनर नंबर बरोबर होता.

आता आधी तो खोटा मेल कुठून गेला ते बघा, बायरकडून तो मेल फॉरवर्ड न करता मूळ स्वरूपात डाउनलोड करून मागवा, हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची त्यातली नोंद, पुरावा आहे. पाठवणाऱ्याच्या नावावर टॅप केलं की पत्ता दिसतो, तो एकेक अक्षर वाचा. तुमच्या कंपनीच्या नावात इंग्रजी एम असेल तर तिथे आर आणि एन शेजारी शेजारी लिहिलेले असू शकतात, छोट्या स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पत्ता असा बनावट निघाला तरी निश्चिंत होऊ नका, कारण इन्व्हॉइस त्याला कुठून तरी मिळालंच ना. आणि पत्ता तुमचाच निघाला तर चोर तुमच्याच मेलमध्ये असण्याची शक्यता मोठी, पण पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाही टाकता येतो, म्हणून हेडर तपासून घ्या.

मग पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. आणि एक जागा आहे जी कुणी बघत नाही, सेटिंगमधलं फॉरवर्डिंग आणि फिल्टर. चोर तिथे नियम लावून ठेवतो की "पेमेंट" किंवा "इन्व्हॉइस" शब्द असलेला मेल माझ्या पत्त्यावर पाठव आणि इनबॉक्समधून उडव. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच चालू राहतो, म्हणजे तुम्ही निर्धास्त आणि तो वाचतोय. बायरला सांगा की त्याच्या बँकेकडून लगेच पेमेंट रिकॉल, म्हणजे पैसे परत मागवायची विनंती, टाकायला लाव आणि त्याच्या देशात पोलीस तक्रार कर, तुम्ही इकडे सायबरला करा. पैसे कुणाच्या नावावर पडायचे हा वाद करारावर आणि मेल कुणाचा फुटला यावर जाईल, वकिलाशिवाय बायरला लेखी काही कबूल करू नका.

पुढच्या सीझनला करारातच एक ओळ टाका: आमचं खातं मेलवरून कधीही बदलणार नाही, तसा मेल आला तर करारातल्या या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही, तो चोरच उचलतो. अंबड-सातपूरच्या छोट्या कारखानदारांनाही हेच लागू, पुठ्ठ्याच्या सप्लायरचं खातं बदललं असा मेल आला की आधी फोन. देशातल्या आरटीजीएस-एनईएफटीला आता पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दिसायची सोय आहे, ते नाव न वाचता पुढे जाऊ नका.

"तुझा कॅमेरा हॅक केलाय, व्हिडिओ आहे, बिटकॉइन पाठव नाहीतर सगळ्यांना पाठवतो" असा मेल माझ्याच पत्त्यावरून मला आला, त्यात माझा खरा पासवर्ड पण लिहिलाय. झोप उडालीय.
– सिडको

झोप अजिबात घालवू नकोस. कुठल्यातरी वेबसाइटवरून जुने पासवर्ड चोरीला जातात, त्याच्या याद्या बाजारात फिरतात आणि तुझा पासवर्ड त्यातलाच आहे, बघ, बहुतेक जुना असेल. "फ्रॉम" मध्ये तुझाच पत्ता दिसतो कारण तिथे खोटं नाव टाकणं सोपं असतं. व्हिडिओ असता तर एखादा फोटो तरी चिकटवला असता. उत्तर देऊ नको, पैसे देऊ नको, तो पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथे आजच बदल. आणि कुणाशी खरंच व्हिडिओ कॉल झाला असेल आणि तो धमकावत असेल तर एकटा राहू नको, घरातल्या एका मोठ्या माणसाला घेऊन सायबर पोलिसांकडे जा, रोज अशा तक्रारी येतात त्यांच्याकडे.

मोबाइलवर डीएनडी चालू केलं तरी जाहिरातींचे मेल थांबत नाहीत. अनसबस्क्राइब दाबावं का? कुणी म्हणतं दाबू नका.
– गृहिणी, गंगापूर रोड

डीएनडी हे ट्राय या टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचं आहे, ते फक्त कॉल आणि एसएमएसचं, ईमेलला लागू नाही. ज्या दुकानाला, अ‍ॅपला तुम्ही स्वतः कधीतरी मेल आयडी दिला होता त्याचं अनसबस्क्राइब बिनधास्त दाबा, शक्यतो जीमेल वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जे बटण दाखवतं तेच. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकचं अनसबस्क्राइब द्यायला लावलंय. जो पाठवणारा तुम्हाला माहीतच नाही, लॉटरी, कर्ज, औषधं, त्याच्या मेलमधलं काहीच दाबू नका, नुसतं रिपोर्ट स्पॅम, नाहीतर हा पत्ता चालू आहे एवढं त्याला कळतं. सेटिंगमध्ये फोटो आपोआप दिसणं बंद करा, काही मेलमध्ये न दिसणारं चित्र असतं, ते लोड झालं की तुम्ही मेल उघडला हे तिकडे कळतं. आणि खरेदीसाठी एक वेगळा मेल आयडी काढा, बँकेचा आयडी मॉलमधल्या लकी ड्रॉच्या कुपनवर लिहू नका.

सिंहस्थासाठी त्र्यंबकला तंबूचं बुकिंग पन्नास टक्के सवलतीत, आज रात्रीपर्यंतच, असा मेल इंदूरच्या आत्याला आलाय. भरू का म्हणून ती आम्हाला विचारतेय.
– पंचवटी

आत्याला सांगा थांब. प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात बुकिंगच्या बनावट वेबसाइट निघाल्या होत्या आणि पोलिसांना इशारे द्यावे लागले होते, आपल्याकडे २०२७ ला तेच होणार. "आज रात्रीपर्यंतच" हे लिहिलंय म्हणजे विचार करायला वेळ मिळू नये म्हणून लिहिलंय. तुम्ही पंचवटीत राहता, त्र्यंबक तासाभराच्या अंतरावर आहे, जाऊन जागा बघून या. ती जागा खरी असेल तर मालकाशी समोरासमोर बोला, पैसे पाठवताना यूपीआयवर त्याचंच किंवा त्याच्या हॉटेलचंच नाव येतंय का बघा. पावती घ्या आणि तिचा फोटो आत्याला पाठवा.