पहिल्या राज्याचा निकाल लागला, आता काय मोजायचं?

अमेरिकेत पक्ष आपला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांत मतदान घेऊन ठरवतात, ती प्रायमरी. तिचे पहिले निकाल आले की ‘कोण पहिला आला’ याचीच चर्चा होते. तो आकडा सगळ्यात ठळक दिसतो आणि बऱ्याचदा सगळ्यात कमी उपयोगाचा असतो. वाचकांच्या निवडक प्रश्नांना उत्तरं.

२०२४ मध्ये आयोवा राज्यात रिपब्लिकन कॉकस (पक्षाच्या स्थानिक सभांमध्ये होणारं मतदान) सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता. लोक मतं देत होते आणि ट्रम्प जिंकल्याची बातमी आली. असं जाहीर करायचा अधिकार कोणाला?

अधिकार असा कोणालाच नाही. आपल्याकडे निवडणूक आयोग फेरीनिहाय आकडे देतो, तशी देशभराची यंत्रणा तिथे नाही. अधिकृत निकाल प्रायमरीत राज्य सरकार आणि कॉकसमध्ये पक्ष देतो, पण सवडीने. तोवर असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्था मतदारांची पाहणी आणि हाती आलेले पहिले आकडे जुळवून पाहतात. मागच्या उमेदवाराला आघाडी तोडणं शक्यच नाही अशी खात्री पटली की विजेता जाहीर करतात. त्या रात्री ट्रम्प ५१ टक्के आणि दुसरे डिसँटिस २१ टक्के होते, त्यामुळे अंदाज चुकायचा प्रश्न नव्हता. मतदान चालू असताना तो जाहीर करावा का, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

लढत अटीतटीची असेल तर थांबा. २०१२ मध्ये याच आयोवात रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं रात्री सांगितलं गेलं. दोन आठवड्यांनी पक्की मोजणी आली तेव्हा सँटोरम ३४ मतांनी पुढे होते आणि आठ केंद्रांचे आकडे तर मिळालेच नाहीत. तोवर ‘विजयी रॉम्नी’ न्यू हॅम्पशायरही जिंकून पुढे गेले होते.

पडद्यावर ‘६० टक्के मोजणी पूर्ण’ असं येतं. उरलेल्या ४० टक्क्यांत चित्र किती बदलू शकतं?

मुळात ते ६० टक्के हाच अंदाज असतो. एकूण किती मतं पडली हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसतं. ‘किती उरली’ यापेक्षा ‘कुठली उरली’ हे बघा. नकाशावर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) उघडा. मोठ्या शहराची काउंटी अर्धी बाकी असेल आणि मागे असलेल्या उमेदवाराचा जोर शहरात असेल, तर आघाडीला अर्थ नाही. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली टपाली मतं पुढे सात दिवस आली तरी धरतात. तिथले अंतिम आकडे यायला आठवडे लागतात.

डेमोक्रॅटिक पक्षात टक्क्यांवरून डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) कसे निघतात? २०२० मध्ये न्यू हॅम्पशायर सँडर्स जिंकले, तरी बुटिजेज यांनाही तेवढेच डेलिगेट कसे?

कागद-पेन्सिल घ्या. सँडर्स २५.६, बुटिजेज २४.३, क्लोबुशार १९.७, वॉरन ९.२, बायडन ८.४ टक्के.

पहिली चाळणी १५ टक्क्यांची. वॉरन आणि बायडन तिथेच गळाले, त्यांना शून्य. उरलेल्या तिघांची बेरीज ६९.६. यापुढे भागायचं ते याच आकड्याने, शंभराने नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते.

राज्याचे २४ डेलिगेट एकगठ्ठा वाटत नाहीत. काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) दोन मतदारसंघांचे प्रत्येकी ८, राज्यपातळीचे ५ आणि पक्षनेत्यांसाठी राखलेले ३, असे चार ढीग. पाचाचा ढीग घ्या: सँडर्स १.८४, बुटिजेज १.७५, क्लोबुशार १.४२. आधी पूर्णांक वाटा, प्रत्येकी १. उरलेले दोन ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना. झाले २, २, १. तिनाच्या ढिगात १, १, १. आठाच्या ढिगात हाच हिशेब ३, ३, २ देतो (मतदारसंघाची मतं वेगळी मोजतात, पण इथे फरक पडला नाही). बेरीज ९, ९, ६.

चार हजारांच्या आतली आघाडी अशी अपूर्णांकात विरून गेली. जिंकल्याचे मथळे सँडर्सना मिळाले, डेलिगेट जास्तीचा एकही नाही.

रिपब्लिकन पक्षातही हेच?

नाही, तिथे राज्यागणिक नियम वेगळा. २०२४ मध्ये आयोवाने ४० डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले: पहिल्या चौघांना २०, ९, ८, ३. चौथे आलेले रामस्वामी ७.७ टक्क्यांवर ३ घेऊन गेले. कॅलिफोर्नियात मात्र निम्म्याहून जास्त मतं मिळाली की सगळं त्याचंच, म्हणून तिथले १६९च्या १६९ ट्रम्प यांना. उमेदवारीला १,२१५ लागत होते. नियम न वाचता टक्के वाचण्यात अर्थ नाही.

पहिल्या दोन राज्यांत आपटलेला उमेदवार संपला म्हणायचा का?

बायडन २०२० मध्ये आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. पण दोन्ही राज्यं मिळून ६५ डेलिगेट, एकूण ३,९७९ पैकी. दोन टक्केही नाहीत. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात त्यांनी जवळपास निम्मी मतं घेतली, पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार बाहेर पडले आणि ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान झालं. उमेदवारी शेवटी बायडन यांनाच मिळाली.

उलटही घडतं. १९६८ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन न्यू हॅम्पशायर जिंकले, पण त्यांच्याच पक्षातून आव्हान देणाऱ्या मॅकार्थींनी ४२ टक्के घेतले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सन यांनी माघार जाहीर केली. पहिल्या राज्यात आकड्यापेक्षा अपेक्षा जास्त मोजली जाते, म्हणून निकालाच्या रात्री पुढच्या राज्यासाठी पैसा आणि माणसं कोणाकडे शिल्लक आहेत ते विचारा.

मुलगी न्यू जर्सीत असते, नुकतीच नागरिक झाली. तिला मत देता येईल का?

येईल. मतदार नोंदणी मुदतीत हवी. कुठल्याच पक्षात नाव नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगता येतो. आधीच एका पक्षात असेल आणि बदलायचा असेल तर अर्ज ५५ दिवस आधी. एवढंच की तिथली प्रायमरी सहसा जूनमध्ये असते आणि तोवर उमेदवार बहुधा ठरलेला असतो. त्याच मतपत्रिकेवर काँग्रेसचे आणि स्थानिक जागांचेही उमेदवार असतात, तिथे तिचं मत जास्त कामाला येईल.