माझ्या समलिंगी मित्राला भडक, नाटकी भयपट इतके का आवडतात? त्याला अपमान वाटत नाही का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र हे जुने भयपट पुन्हा पुन्हा बघतो, त्यातले संवाद त्याला तोंडपाठ आहेत; पण त्यांत त्याच्यासारखी माणसं बहुतेक वेळा राक्षस नाहीतर खुनी असतात, मग त्याला अपमान कसा वाटत नाही? वाटतो. मी स्वतः समलिंगी आहे आणि माझी या सिनेमांशी ओळख अपमानातूनच झाली.

आमच्या गल्लीत गणपतीत पडदा बांधून 'सडक' दाखवला होता. १९९१ चा सिनेमा. सदाशिव अमरापूरकरांनी त्यात महाराणी केली आहे : कोठा चालवणारी, मुलींचा सौदा करणारी तृतीयपंथी. फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिला मान याच भूमिकेला मिळाला, आणि तो योग्यच होता. नगरच्या या नटाने त्या पात्रात जी जरब आणि जो ठसका आणला, तो मी आजही विसरलेलो नाही. दहा वर्षांचा मी सतरंजीवर बसून तिच्याकडे एकटक बघत होतो. आपल्यासारखं चालणारं-बोलणारं कुणीतरी पडद्यावर होतं आणि सगळी गल्ली त्याला घाबरत होती. दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव 'महाराणी' पडलं. बायल्या तर मी आधीपासून होतोच. ते पात्र मला हवंही होतं आणि त्याच पात्राचा दगड करून मला मारलाही जात होता. तुमच्या मित्राच्या आयुष्यात 'सडक' नसेल, दुसरा कुठला सिनेमा असेल, पण हे दुहेरी नातं त्याला ठाऊक असणार असं मला वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सोबत चार रात्री काढायच्या असतील तर सुरुवात दिग्दर्शक जेम्स व्हेल यांच्यापासून करा. इंग्लंडमधल्या डडली गावच्या कामगार कुटुंबातला हा मुलगा पहिल्या महायुद्धात जर्मनांचा कैदी झाला आणि तिथे छावणीत नाटकं करू लागला. पुढे हॉलिवूडमध्ये त्यांनी 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) केला. निर्माते डेव्हिड लुइस यांच्यासोबत ते सुमारे वीस वर्षं राहिले, आणि त्या काळाच्या मानाने फारसं न लपवता राहिले. १९३५ साली त्यांनी 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' काढला. जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा आहे, पण माझ्यासाठी या सगळ्या परंपरेचा उगम तिथे आहे.

तारखेकडे लक्ष द्या. १९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडची आचारसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याचे नियम, कडकपणे लागू झाली होती. समलिंगी संबंधांचा नुसता सूचक उल्लेखही तिला चालत नव्हता. अशा वेळी व्हेल यांनी अर्नेस्ट थेसिजर या नटाला डॉक्टर प्रिटोरियस केलं. लांब नाक, सडपातळ अंगकाठी, बोटांच्या नाजूक हालचाली, प्रत्येक शब्द चघळून बोलणं. (थेसिजर भरतकामात निष्णात होते, त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. ते वाचल्यापासून मला त्यांच्या हातांकडे बघायचा नादच लागलाय.) राक्षस घडवणारा शास्त्रज्ञ हेन्री फ्रँकेन्स्टाइन होणाऱ्या बायकोजवळ असताना हा गृहस्थ रात्री दारात येतो आणि त्याला घेऊन जातो. का, तर दोघांनी मिळून नवा जीव निर्माण करायचा! कुठल्याही अधिकाऱ्याला बोट ठेवता येईल असं एक वाक्य त्यात नाही. सगळं त्या भुवईत आहे, जिनच्या पेल्यात आहे, काचेच्या बरण्यांत पाळलेल्या इवल्याशा राजा-राणीत आहे.

पुढे तळघरात प्रिटोरियस शवपेटीवर कवटी आणि मेणबत्त्या मांडून निवांत जेवतो. अंधारातून राक्षस पुढे येतो. साऱ्या गावाला ज्याचा थरकाप, त्याला हा माणूस शांतपणे सिगार देतो. हा प्रसंग मी पंधरा-वीस वेळा तरी पाहिला असेल. आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारख्या माणसांच्या खोलीत गेलो होतो तेव्हा मलाही असंच कुणीतरी न दचकता 'बस, चहा घेणार?' म्हणालं होतं.

हेन्री आणि त्याची बायको हे त्या सिनेमातलं सभ्य जोडपं. त्यांचं प्रेम लाकडी आहे. रुची, बुद्धी, विनोद आणि दुःख, सगळं राक्षसांच्या वाट्याला आलंय. इंग्रजीत ज्याला कॅम्प म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही. 'नटवेपणा' जवळचा आहे, पण तो म्हणताना आपण नाक मुरडतो. इथे मुरडलेलं नाक नसतं. वाजवीपेक्षा जास्त असणं, ते उघडपणे असणं आणि त्यात रस घेणं, असं काहीसं आहे ते. ज्या मुलाला लहानपणी 'हात असे हलवू नकोस, असं चालू नकोस' हे रोज ऐकावं लागलं, त्याला प्रिटोरियसचे ते हात बघून काय वाटत असेल, विचार करा.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की व्हेल यांच्या काही जवळच्यांना आणि चरित्रकाराला हा अर्थ पटलेला नाही. राक्षसात समलिंगी माणूस शोधणं नंतरच्या समीक्षकांचं काम, असं ते म्हणतात. असेल. पण सिनेमा पूर्ण झाल्यावर तो बघणाऱ्यांचाही होतो, आणि आम्ही त्यात जे पाहिलं ते आम्हाला जगायला उपयोगी पडलं.

'द रॉकी हॉरर पिक्चर शो' (१९७५) या गाण्यांनी भरलेल्या विनोदी भयपटाबद्दल तुमचा मित्र तासभर बोलेल, म्हणून मी थोडक्यात आटपतो. थिएटरांत पडला, मग १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि प्रेक्षक पात्रांसारखे कपडे घालून, पडद्याला उत्तरं देत तो बघू लागले. माझ्या मते पडद्यापेक्षा ती गर्दी महत्त्वाची.

मला जास्त बोलायचंय ते 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' च्या दुसऱ्या भागाबद्दल. नोव्हेंबर १९८५. महिनाभर आधीच हॉलिवूडचा लाडका नायक रॉक हडसन एड्सने गेला होता आणि हॉलिवूडमध्ये भीती पसरली होती. या भागात फ्रेडी नावाचा सैतान जेसी या मुलाच्या अंगातून बाहेर यायला धडपडतो. जेसी मैत्रिणीला सोडून रात्री मित्राच्या खोलीत धावतो : माझ्या आत काहीतरी शिरू बघतंय, मला इथे झोपू दे. व्यायामशिक्षक त्याला चामडी कपडेवाल्यांच्या बारमध्ये भेटतो. पटकथाकार डेव्हिड चास्किन यांनी कित्येक वर्षं हे सगळं जाणूनबुजून केल्याचं नाकारलं, बोट दाखवलं ते जेसी झालेल्या मार्क पॅटनच्या अभिनयाकडे. पॅटन स्वतः समलिंगी होता आणि तेव्हा ते लपवून होता. त्याने अभिनय सोडला, पुढे मेक्सिकोत जाऊन राहिला. चास्किन यांनी आपला हेतू कबूल केला तो फार उशिरा. २०१९ च्या 'स्क्रीम, क्वीन!' या माहितीपटात पॅटन त्यांच्यासमोर बसून जाब विचारतो. तो बघताना मला शाळेतलं माझं टोपणनाव आठवलं आणि थोडा वेळ सिनेमा थांबवावा लागला. आज चाहते तोच सिनेमा डोक्यावर घेतात आणि पॅटनचं स्वागत करतात. त्याची गेलेली वर्षं मात्र त्यामुळे परत मिळत नाहीत.

तर अपमान आहेच. १९९२ च्या ऑस्कर सोहळ्याबाहेर क्विअर (समलिंगी, तृतीयपंथी वगैरे) कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली ती आमच्यासारख्यांना खुनी दाखवणाऱ्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' आणि 'बेसिक इन्स्टिंक्ट' सारख्या सिनेमांमुळेच. माझी स्वतःची कसोटी साधी आहे : आमच्यासारखं पात्र पडद्यावर आल्यावर कॅमेरा त्याच्यासोबत रमतो की त्याच्यापासून अंग चोरतो? व्हेल रमतात. 'सडक' बहुतेक वेळ अंग चोरतो, पण अमरापूरकर मात्र रमले आहेत, म्हणून त्या महाराणीला मी अजून पुरतं नाकारू शकलेलो नाही.

मित्रासोबत 'ब्राइड' बघाल तेव्हा एक प्रसंग येईल. रानातल्या झोपडीत एक आंधळा म्हातारा व्हायोलिन वाजवतोय. राक्षस आत येतो. म्हाताऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही, तो त्याला जेवू घालतो, बोलायला शिकवतो, एकटं राहणं वाईट आणि मित्र चांगला हे शिकवतो, आणि मित्र धाडल्याबद्दल देवाचे आभार मानतो. काही दिवस दोन पुरुष एका छताखाली सुखाने राहतात. मग डोळस माणसं बंदुका घेऊन येतात आणि झोपडी जळते. तिथे तुमचा मित्र बहुधा गप्प होईल. त्याला काही विचारू नका, शेजारी बसून राहा.