जुन्या, स्वस्तातल्या ब्रिटिश चित्रपटांतल्या जागा कशा ओळखायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६० च्या आसपासचा तासाभराचा एक कृष्णधवल ब्रिटिश रहस्यपट पाहिला, त्यातला एक चौक डोक्यातून जात नाही. पात्रं त्या गावाला ब्रायटन म्हणतात, म्हणजे समुद्रकाठचं शहर. तुम्ही महिनाभर गूगलच्या नकाशावर ब्रायटन पालथं घातलंत, तरी चौक सापडत नाही.

ब्रायटन सोडून द्या. चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावा आणि नामावलीत स्टुडिओचं नाव काय येतं ते बघा. तुमचा चौक बहुतेक त्या स्टुडिओपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांच्या आत असेल.

यामागे सरळ पैशाचं गणित आहे. १९२७ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला की वितरकांनी आणि थिएटरवाल्यांनी ठरावीक वाटा ब्रिटिश चित्रपटांना द्यायचाच. अमेरिकन कंपन्यांनी त्यातून पळवाट काढली. नियमापुरते ब्रिटिश चित्रपट घाईघाईत काढून घ्यायचे, भाव फिल्मच्या फुटाला एक पाउंड. म्हणजे कापडासारखा मोजून माल! 'कोटा क्विकी' हे नाव त्यांना तेव्हाच पडलं. युद्धानंतर मोठ्या चित्रपटाला जोड म्हणून दाखवायचे तासाभराचे रहस्यपट आले, पण हिशोब तोच राहिला. दोन-तीन आठवड्यांत सगळं उरकायचं असताना युनिट समुद्रकाठी कोण नेणार? प्रवासात दिवस जातो, वर राहण्याजेवणाचा खर्च. त्यामुळे बाहेरचा प्रसंग म्हणजे फाटकाबाहेरची गल्ली. कित्येकदा स्टुडिओचीच इमारत एका चित्रपटात पोलीस ठाणं आणि पुढच्यात इस्पितळ होते.

ही काटकसर अगदी मुळापासूनची आहे. वॉल्टन-ऑन-टेम्सच्या सेसिल हेपवर्थने १९०५ मध्ये 'रेस्क्यूड बाय रोव्हर' काढला तो ७ पाउंड, १३ शिलिंग, ९ पेन्समध्ये. बाळ घरचं, कुत्रा घरचा, रस्ते गावातले. पुढे त्याच वॉल्टनमध्ये नेटलफोल्ड स्टुडिओ चालला आणि टेम्सचा तोच काठ पन्नासच्या दशकातल्या रहस्यपटांतही दिसत राहिला.

आता माझं सांगतो. मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. आयुष्य प्लेन टेबल, गावनकाशे आणि बांधावरची भांडणं यात गेलं. मुलगा लंडनजवळ स्लाउला असतो. त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर पाऊस आणि घरात टीव्हीवर दुपारभर हे जुने चित्रपट. कथा दहा मिनिटांत कळायची, मग नजर मागच्या घरांवर. खून कोणी केला यापेक्षा हा कोपरा कुठला, हीच रुखरुख जास्त लागायची.

माझा पहिला शोध मर्टन पार्क स्टुडिओच्या एका चित्रपटाचा. नैऋत्य लंडनमधला हा स्टुडिओ. रहस्यकथाकार एडगर वॉलेसच्या कथांवरची १९६० ते ६५ मधली मालिका इथलीच. ढगाळ धुक्यात वॉलेसचा अर्धपुतळा हळूहळू फिरतो ती सुरुवात पाहिली असेल तर लगेच ओळखाल. माझ्या चित्रपटात गाव केंट या इंग्लंडच्या आग्नेयेकडच्या परगण्यातलं असल्याचं सांगतात, म्हणून मीही तुमच्यासारखाच केंटमध्ये तीन आठवडे भटकलो, अर्थात संगणकावर. शेवटी सुटका केली एका पावाच्या गाडीने. गाडीच्या बाजूवर दुकानाचा फोन नंबर होता, आणि त्याची पहिली तीन अक्षरं एल, आय, बी.

हे समजून घ्या, फार उपयोगी आहे. लंडनमध्ये सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत फोन नंबर म्हणजे एक्स्चेंजच्या नावाची तीन अक्षरं आणि चार आकडे. डायलवर आकड्यांबरोबर अक्षरंही छापलेली असत. विम्बल्डनचं डब्ल्यू-आय-एम म्हणजे ९४६, पटनीचं पी-यू-टी म्हणजे ७८८, आणि एल-आय-बी, म्हणजे लिबर्टी, ५४२. लिबर्टी हे मर्टनच्या बाजूचं एक्स्चेंज. मजा म्हणजे अक्षरं गेली तरी आकडे राहिले. आजही विम्बल्डनमधले बरेच नंबर ०२०-८९४६ ने सुरू होतात. मात्र पात्राने फोनवर नंबर सांगितला तर त्यावर विसंबू नका, तो लेखकाने लिहिलेला असतो. पण मागून जाणाऱ्या गाडीवरचा, दुकानाच्या पाटीवरचा नंबर खोटं बोलत नाही, कारण तो तिथे चित्रपटासाठी नसतोच.

केंट सुटल्यावर कुंपणं दिसायला लागली. त्या चित्रपटात एक बाई फुटपाथवरून पळते आणि तिच्या बाजूला सलग काटेरी, चकचकीत पानांची झुडपं आहेत. ती होलीची. मर्टन पार्क ही वसाहत जॉन इन्स नावाच्या माणसाने वसवली (बागकामवाल्यांना 'जॉन इन्स' मातीमुळे हे नाव ठाऊक असेल) आणि होलीची कुंपणं ही तिथली खूण. कुंपणामागच्या घरांची धुराडी मोजली, कोपऱ्यावरच्या प्लॉटचा तिरका कट पाहिला आणि नकाशा काढला.

नकाशाचं म्हणाल तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे फुकट पाहता येतात, इंग्लंडचेसुद्धा. त्यातले मैलाला पंचवीस इंच या मापाचे बघा, घर अन् घर काढलेलं असतं. शेजारी आजचं उपग्रहचित्र लावायचीही सोय आहे. आमच्या खात्यात हे असतं तर माझे निम्मे हद्दीचे वाद टेबलावर मिटले असते. १९१९ ते १९५३ मधली विमानातून टिपलेली छायाचित्रं 'ब्रिटन फ्रॉम अबव्ह'वर मिळतात. घर पाडलेलं असेल तर तीच कामी येतात.

दिशा ठरवायला दोन गोष्टी पुरतात. आपल्याकडे मुंबई-पुण्यात मे ते जुलैमध्ये भर दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो. तिथे तो दुपारी बारमाही दक्षिणेलाच असतो, म्हणजे दुपारची सावली कायम उत्तरेला. आणि जुन्या चर्चची वेदी सहसा पूर्वेला, मनोरा बहुधा पश्चिमेला. चौकटीत चर्च आणि सावली दोन्ही मिळाली तर रस्ता कुठून कुठे जातो ते कळतं आणि नकाशावरचे निम्मे रस्ते बाद होतात.

काळही ठरवून घ्या, म्हणजे कुठल्या सालचा नकाशा उघडायचा ते कळतं. डोक्यावर ट्रॉलीबसच्या तारा असतील तर लंडनमध्ये ते मे १९६२ च्या आधीचं. पार्किंग मीटर दिसला तर जुलै १९५८ नंतरचं. गाडीचा नंबर तीन अक्षरं, मग आकडे आणि शेवटी एकटं अक्षर असा असेल तर १९६३ किंवा पुढचं. रेल्वे स्थानकांच्या पाट्यांनाही विभागवार रंग होते, दक्षिणेला हिरवा, पश्चिमेला तपकिरी, पण कृष्णधवल चित्रपटात सगळेच करडे, तेव्हा तो नाद सोडा.

आगगाडीवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. पात्र एका गाडीत चढतं, पुढच्या दृश्यात धावते ती दुसरीच आणि पोहोचते ती तिसरी. धावत्या गाडीचे तुकडे जुन्या साठ्यातून उचललेले असतात. हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या भयपटांत आणखी एक गोम. त्यांचा ब्रे स्टुडिओ विंडसरजवळ. १९६६ च्या 'प्लेग ऑफ द झॉम्बीज' आणि 'द रेप्टाइल' या दोन्हीतलं इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधलं गाव म्हणजे स्टुडिओच्या आवारातला एकच सेट. तो कॉर्नवॉलमध्ये शोधणाऱ्याचं काय होणार? त्यांच्या चित्रपटांतली पडका वाडा शोभेल अशी ओकली कोर्ट ही हवेली स्टुडिओच्या शेजारी, आता तिथे हॉटेल आहे. आणि ड्रॅक्युलाच्या ट्रान्सिल्व्हानियाचं जंगल म्हणजे स्लाउजवळचं ब्लॅक पार्क. नातवाला बाबागाडीतून तिथे फिरवायचो तेव्हा ड्रॅक्युलाच्या घोडागाड्या याच वाटेने उधळल्या हे आठवून हसू यायचं.

लंडनकडच्या मराठी मंडळींनी यातली एक जागा नकळत पाहिलेली असते. जन्माष्टमीला वॉटफर्डजवळच्या भक्तिवेदांत मॅनर या कृष्णमंदिरात गर्दी होते ना, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये दिलेल्या त्या वास्तूला? तिला लागूनच लेचमोर हीथ हे चिमुकलं गाव आहे. चकाकत्या डोळ्यांच्या मुलांचा 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड' (१९६०) इथे चित्रित झाला. हातात प्रसादाचा द्रोण घेऊन मी तळ्याकाठी उभा राहिलो आणि मुलाला फोनवर चित्रपटातली चौकट दाखवली. तळं तिथेच, पब तिथेच. स्टुडिओ होता बोरहॅमवुडला. अंतर जेमतेम पाच किलोमीटर.

तेव्हा स्टुडिओचं नाव कळवा. चौकातल्या दृश्याचे स्क्रीनशॉट टाकताना नायकाचा चेहरा कापून टाकलात तरी चालेल, पण छप्परं आणि धुराडी पूर्ण येऊ द्या.