‘क्लिकमागे खर्च’ की ‘प्रति क्लिक दर’?

प्रश्न असा आहे : समाजमाध्यमांवरील जाहिरातींसंबंधीच्या एका अहवालाचा मराठी अनुवाद करताना ‘कॉस्ट पर क्लिक’ (जाहिरातीवरील एका क्लिकसाठी जाहिरातदाराला पडणारी रक्कम) या संज्ञेसाठी ‘प्रति क्लिक दर’, ‘प्रति क्लिक किंमत’ आणि ‘प्रति क्लिक खर्च’ असे तीन पर्याय पुढे आले, त्यांतला कोणता घ्यावा, आणि ‘पब्लिक सेक्टरमधील कॉस्ट पर क्लिकचे ट्रेंड’ हे शीर्षक मराठीत कसे मांडावे?

माझा कौल ‘क्लिकमागे खर्च’ या रूपाला आहे. ‘खर्च’ का, याचे कारण जाहिरातींच्या व्यवहारात सापडते. ‘मागे’ का, याचे कारण मराठीच्या वळणात. शीर्षकाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण तिथे ‘पब्लिक सेक्टर’ हा शब्द आडवा येतो.

‘दर’ या शब्दाने मराठीत व्यवहाराआधी ठरलेला आणि दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला भाव सूचित होतो. वृत्तपत्रातील जागेला चौरस सेंटिमीटरमागे दर असतो, फलकाला महिन्याचा दर असतो, आणि कार्यालये दरपत्रके मागवून त्यांतले सर्वांत कमी दराचे स्वीकारतात. क्लिकचे असे दरपत्रक मिळत नाही. समाजमाध्यमावर एखाद्या व्यक्तीला जाहिरात दाखवण्याची संधी आली की त्या एका संधीसाठी क्षणार्धात लिलाव होतो. त्यात बोलीची रक्कम पाहिली जाते, तसेच ती व्यक्ती अपेक्षित कृती करण्याची शक्यता किती आणि जाहिरातीचा दर्जा काय, हेही पाहिले जाते. पुष्कळदा जाहिरातदार बोलीचा आकडा सांगतही नाही. तो उद्दिष्ट निवडतो, दिवसाच्या खर्चाची मर्यादा घालतो आणि बाकीचे यंत्रणेवर सोपवतो. मोहीम संपल्यावर एकूण खर्चाला मिळालेल्या क्लिकच्या संख्येने भागले की जो आकडा हाती येतो, तो म्हणजे ‘कॉस्ट पर क्लिक’. जो भागाकार शेवटी निघतो त्याला ‘दर’ म्हटले, की टिपणी वाचणारा लेखाधिकारी साहजिकच विचारतो, ‘मग दरपत्रक कुठे आहे?’

हा शब्द पूर्वी इतका चुकीचा ठरला नसता. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या शोधसंकेतस्थळाने क्लिकनुसार पैसे आकारण्याची पद्धत आणली, तेव्हा जाहिरातदार एखाद्या शब्दासाठी जी बोली लावी तीच रक्कम त्याला प्रत्येक क्लिकला मोजावी लागे. तो आकडा आधीपासून माहीत असे, म्हणून त्याला दर म्हणणे खपून गेले असते. गूगलने २००२ मध्ये अ‍ॅडवर्ड्स या आपल्या जाहिरातसेवेत क्लिकनुसार आकारणी सुरू केली तेव्हा मात्र, आपल्या बोलीइतकी नव्हे, तर खालच्या क्रमांकाच्या स्पर्धकाला मागे टाकण्यापुरतीच रक्कम द्यावी लागेल अशी रचना केली आणि जाहिरातीवर लोक किती प्रमाणात क्लिक करतात हेही क्रम ठरवताना धरले. तेव्हापासून बोली आणि प्रत्यक्ष आकारणी यांची फारकत झाली.

‘दर’ला दुसरीही हरकत आहे, आणि अनुवादकाच्या दृष्टीने ती अधिक गंभीर आहे. ‘क्लिक थ्रू रेट’ या वेगळ्या मापासाठी ‘क्लिक दर’ हा शब्द मराठीत रूढ होत आहे. जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यांपैकी किती वेळा क्लिक झाले, याचे ते प्रमाण आहे. ते टक्क्यांत सांगतात. एकाच तक्त्यात एका स्तंभाला ‘क्लिक दर’ आणि शेजारच्या स्तंभाला ‘प्रति क्लिक दर’ असे मथळे दिले, तर वाचक गोंधळणारच. आणि ही दोन मापे परस्परांवर अवलंबून आहेत. समजा, जाहिरात हजार वेळा दाखवण्यास १०० एकक खर्च आला आणि क्लिक दर १ टक्का होता. म्हणजे १० क्लिक मिळाले आणि क्लिकमागे १० एकक खर्च आला. पुढच्या महिन्यात हजार वेळा दाखवण्याचा खर्च तोच राहिला, पण मजकूर सुधारल्याने क्लिक दर २ टक्के झाला, तर क्लिकमागे खर्च ५ एककांवर येतो. बाजारात काहीच उतरलेले नाही. फक्त जाहिरात अधिक चांगली झाली आहे. ‘क्लिक दर वाढल्याने प्रति क्लिक दर घटला’ हे वाक्य खरे आहे, पण ते दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून ‘दर’ हा शब्द प्रमाणासाठी राखून ठेवावा.

‘किंमत’ हा शब्द विकणाऱ्याच्या बाजूचा आहे, आणि त्या बाजूने लिहायचे असेल तेव्हा तो चपखल बसतो. फेसबुकची मालक असलेली मेटा कंपनी आपल्या आर्थिक निकालांत ‘जाहिरातीची सरासरी किंमत’ जाहीर करते. ती २०२१ मध्ये आदल्या वर्षीपेक्षा २४ टक्क्यांनी वाढली, २०२२ मध्ये १६ टक्क्यांनी आणि २०२३ मध्ये ९ टक्क्यांनी घटली, तर २०२४ मध्ये पुन्हा १० टक्क्यांनी वाढली. हे आकडे मात्र जाहिरात दाखवण्याशी संबंधित आहेत, क्लिकशी नाहीत. वर्तमानपत्री अनुवादांत ‘जाहिरातीची किंमत’ आणि ‘क्लिकची किंमत’ यांची सर्रास सरमिसळ होते. खरेदीदाराच्या बाजूने ‘खर्च’ लिहिले आणि विक्रेत्याच्या बाजूने ‘किंमत’, तर ही सरमिसळ निम्मी तरी टळेल.

‘खर्च’ हा शब्द नेमका याच कारणाने बरोबर आहे, की तो झाल्यावर कळतो. मराठीत यासाठी एक सुरेख क्रियापदही आहे, ‘पडणे’. हजार पत्रके छापण्याचा दर ठरलेला असतो; पण त्यांतली २०० भिजून वाया गेली, तर वापरात आलेले पत्रक कितीला पडले, हे नंतरच सांगता येते. ‘क्लिक कितीला पडला?’ या प्रश्नात ‘कॉस्ट पर क्लिक’चा सगळा अर्थ आला. अहवालाच्या मथळ्यात हे क्रियापद बसवता येणार नाही हे मान्य, पण मजकुरात ‘या मोहिमेत क्लिक तुलनेने स्वस्त पडले’ असे लिहायला कोणी अडवलेले नाही, आणि अशा वाक्याने अहवालाची औपचारिकता कमी होते असे मला वाटत नाही. मंजुरीच्या प्रस्तावात आधीच आकडा द्यावा लागतो, तिथे ‘क्लिकमागे अंदाजित खर्च’ म्हणावे.

आता ‘प्रति’ की ‘मागे’. ‘प्रति’ अशुद्ध नाही आणि ‘प्रति हेक्टर’, ‘प्रति लिटर’ यांच्या सवयीने तो आता खटकतही नाही. तरीही वाटणीचा हा अर्थ सांगण्याच्या मराठीच्या स्वतःच्या तऱ्हा आहेत : माणशी, एकरी, ताशी, दरमहा, दरडोई, शेकडा. त्या धर्तीवर ‘क्लिकी’ म्हणावे असे कोणी सुचवले तर मीही हसेन. परदेशी नामाला तो प्रत्यय चिकटत नाही. ‘मागे’ मात्र कोणत्याही नामाला सहज लागतो. ‘दर क्लिकला खर्च’ हेही बोलण्यात चालेल, पण ‘प्रत्येक’ या अर्थाचा ‘दर’ आणि ‘भाव’ या अर्थाचा ‘दर’ यांची टक्कर इथे पुन्हा होते, म्हणून लेखनात तो टाळावा. ‘क्लिक’ऐवजी ‘टिचकी’ घ्यावी का, असेही काही जण विचारतात. महाजालावरील मराठीच्या सुरुवातीच्या काळात ‘येथे टिचकी मारा’ हे मोठ्या हौसेने लिहिले गेले आणि मला तो शब्द प्रिय आहे. परंतु जिथे देयकावर आणि माध्यमाच्या तक्त्यावर ‘क्लिक’ मोजलेले असतात, तिथे हिशेबाचा शब्द बदलू नये.

शिवाय कोणते क्लिक, हेही लिहावे लागते. २०१५ च्या जुलैमध्ये फेसबुकने ‘कॉस्ट पर क्लिक’ची व्याख्या बदलली. तोवर पसंती, प्रतिक्रिया आणि पुढे पाठवणे यांच्यासाठी केलेले क्लिकही मोजले जात. बदलानंतर संकेतस्थळाकडे वा अ‍ॅपकडे नेणारे क्लिकच त्यात धरले जाऊ लागले. आजही तिथल्या तक्त्यांत सर्व क्लिक आणि दुव्यावरील क्लिक असे दोन्ही आकडे वेगळे मिळतात. नागरिकाने अर्जाच्या पानापर्यंत पोहोचावे हा हेतू असणाऱ्या संस्थेसाठी ‘दुव्यावरील क्लिकमागे खर्च’ हाच कामाचा आकडा आहे. अनुवादात विशेषण गाळले, तर त्याच मोहिमेचा खर्च बराच कमी भासू शकतो.

‘पब्लिक सेक्टर’साठी ‘सार्वजनिक क्षेत्र’ हा कोशातला प्रतिशब्द बिनचूक आहे, पण मराठी वाचकाच्या मनात त्याने सरकारी मालकीच्या बँका आणि कंपन्या उभ्या राहतात. अहवालाला मंत्रालयीन विभाग, नगरपालिका, सार्वजनिक रुग्णालये आणि विद्यापीठे अभिप्रेत असतील, तर ‘शासकीय व सार्वजनिक संस्था’ असे उलगडून लिहिणे भाग आहे. हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नाही. कोणत्या संस्था आणि त्यांच्या कोणत्या जाहिराती मोजल्या यावर आकडा बदलतो. अमेरिकेत २०१९ पासून नोकरी, घर आणि कर्ज यांच्या जाहिरातींसाठी फेसबुकवर वय, लिंग आणि टपाल क्रमांक यांवरून प्रेक्षक निवडता येत नाहीत; तेव्हा तिथल्या सार्वजनिक रुग्णालयाची परिचारिका भरतीची जाहिरात या बंधनात येते, पण त्याच रुग्णालयाची लसीकरणाची जाहिरात येत नाही. आरोग्यविषयक आवडींवरून प्रेक्षक निवडण्याचे तपशीलवार पर्याय मेटाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वत्रच काढून टाकले, आणि मधुमेहासारख्या विषयांवर जागृती करणाऱ्या संस्थांना प्रेक्षक शोधण्याची दुसरी वाट धरावी लागली. शिवाय शासकीय संस्था ज्या लिलावात उतरते त्याच लिलावात वस्तू विकणारे व्यापारीही असतात. वर्षअखेरच्या खरेदीच्या हंगामात बोल्या चढतात, तेव्हा काही विकायचे नसलेल्या संस्थेलाही क्लिक महाग पडतो. उलट २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत अनेक व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि फेसबुकवरील जाहिरातीची सरासरी किंमत आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २१ टक्क्यांनी उतरली. नेमक्या त्याच काळात आरोग्य यंत्रणांना लोकांपर्यंत सर्वाधिक पोहोचायचे होते.

‘ट्रेंड’साठी ‘कल’ चांगला आहे, पण एकवचनातच. अनेकवचन सामान्यरूपात गेले की ‘कलांचा अभ्यास’ होतो आणि तो चित्रकला-शिल्पकलेचा वाटतो. एकवचनात ही अडचण नाही, कारण ‘कल’चे ‘कलाचा’ होते आणि ‘कला’चे ‘कलेचा’. मात्र कल म्हणजे एका दिशेला झुकणे. आकडे तिमाहीगणिक वरखाली होत असतील, तर त्यांना ‘चढउतार’ म्हणावे, आणि दिशा खरोखर दिसत असेल तिथेच ‘कल’ वापरावा. ‘क्लिकमागील खर्च वरच्या दिशेने कल दर्शवीत आहे’ अशी वाक्ये अनुवादांत भेटतात. मराठीत ‘क्लिक महागले’ एवढे पुरते. फार तर ‘सलग तीन तिमाहींत क्लिक महागत गेले’.

कल दाखवताना सरासरी कशी काढली हेही शब्दांत यावे. एका माध्यमावर १,००० एकक खर्चून १०० क्लिक मिळाले आणि दुसऱ्यावर तितकेच खर्चून ५०० मिळाले, तर क्लिक अनुक्रमे १० आणि २ एककांना पडले. या दोन आकड्यांची सरळ सरासरी ६ येते, पण २,००० एककांत ६०० क्लिक मिळाले असल्याने खरा आकडा ३.३३ आहे. ‘सरासरी क्लिकमागे खर्च’ अशी शब्दरचना हा फरक झाकून टाकते, शिवाय ‘सरासरी’ हे विशेषण क्लिकला चिकटते. ‘एकूण खर्चावरून काढलेला क्लिकमागे खर्च’ हे लांब आहे, पण तक्त्याखालच्या टिपेत एकदा लिहिले की काम भागते.

एवढे ठरल्यावर शीर्षक असे करता येईल : ‘शासकीय व सार्वजनिक संस्थांच्या समाजमाध्यमांवरील जाहिराती : क्लिकमागे येणाऱ्या खर्चाचा कल’. ‘समाजमाध्यम’ एक शब्द, ‘क्लिकमागे’ हाही एकच. शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहायचे असते, आणि ‘क्लिक मागे’ असे तोडले तर वाचक पुढे ‘घेतला’ येण्याची वाट पाहतो.