वाचकांचे प्रश्न : घंटा वाजली, पण गोळी गेली का?

या महिन्याच्या टपालात औषधांच्या आठवणीबद्दलचीच पत्रं जास्त आहेत. माझी सगळी नोकरी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या आणि नियंत्रणाच्या उपकरणांवर झाली. आता संध्याकाळी सूनबाईच्या मेडिकलच्या काउंटरवर बसतो. त्यामुळे वायरिंगचं उत्तर माझं आणि औषधाचं तिचं. ती फार्मासिस्ट आहे आणि स्वतः वाचल्याशिवाय माझा मजकूर पुढे जाऊ देत नाही.

प्रश्न : आई पंचवटीत एकटी राहते, वय ७४. थायरॉइड, बीपी, शुगर आणि कॅल्शियम अशा चार गोळ्या चालू आहेत. मी पुण्याला असते. तिच्या मोबाइलवर आठवण करून देणारं अ‍ॅप टाकून दिलं, पण ती घंटा बंद करते आणि परत कामाला लागते. दुपारी फोन केला की म्हणते, ‘घेतली असेल गं.’ पाचशे रुपयांच्या आत एखादं यंत्र मिळेल का?
– माहेर पंचवटी, मुक्काम पुणे

उत्तर : ताई, ‘घेतली असेल’ हेच खरं दुखणं आहे. एखादी गोळी चुकली तर बहुतेक वेळा निभावून जातं. पण घेतली की नाही या घोळात बीपीची नाहीतर शुगरची गोळी दोनदा पोटात गेली, तर चक्कर, घाम, आणि मग रिक्षा करून दवाखाना. तुमच्या अ‍ॅपला फक्त बटण दाबल्याचं कळतं, गोळी गेल्याचं कळत नाही. कारखान्यात व्हॉल्व्हला उघडायचा हुकूम गेला म्हणजे तो उघडला असं आम्ही कधी धरत नसू. उघडल्याचा सिग्नल पॅनेलवर परत आला पाहिजे.

तो परतीचा सिग्नल दीडदोनशे रुपयांत मिळतो. आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाचे चार कप्पे अशी प्लॅस्टिकची डबी येते. कप्पा रिकामा म्हणजे गोळी गेली, भरलेला म्हणजे राहिली. दर रविवारी शेजारच्या कुणाला तरी बसवून भरून घ्या. आईंनी एकटीने भरली तर निदान व्हिडिओ कॉलवर तुम्ही बघा, कारण भरताना चुकलं की आठवडाभर चुकतं.

आता घंटा. नवीन यंत्र घेऊ नका, मोबाइलमधलं साधं घड्याळच वापरा. प्रत्येक गजराला नाव देता येतं आणि वेगळा आवाज लावता येतो. चारही वेळा एकच ट्यूं-ट्यूं वाजलं की माणसाचा कान आठ दिवसांत मरतो. तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा, ‘आई, जेवलीस ना? आता शुगरची गोळी,’ आणि तेच रिंगटोन म्हणून लावा. गोळीच्या वेळेला मोबाइल उशाशी किंवा पदराच्या गाठीला नको, ओट्याशेजारी डबीला टेकून हवा. बंद करायला उठलं की हात डबीपाशीच जातो. रात्री डबीचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. दिवसातून तीनदा ‘घेतलीस का?’ विचारण्यापेक्षा आईंनाही ते बरं वाटेल.

वेळा लावताना मात्र घड्याळाकडे नको, ताटाकडे बघा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम तिच्या जोडीला अजिबात नको. मध्ये चार तास जाऊ द्यायचे, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. म्हणजे ते दुपारच्या जेवणाबरोबर आलं. शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर ती जेवणासोबत किंवा जेवण झाल्यावर. आई साडेबाराला जेवत असतील आणि गजर एकला असेल, तर त्या मधल्या अर्ध्या तासातच सगळं विस्मरण होतं.

आणि गजराला संकष्टी कळत नाही. आई चंद्रोदयापर्यंत काही खात नसतील आणि दुपारी घंटा वाजली म्हणून शुगरची गोळी घेतली, तर साखर एकदम खाली येऊ शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी तर विशेष. चातुर्मास लागायच्या आधीच डॉक्टरांना विचारून उपवासाच्या दिवसांचं ठरवून घ्या आणि त्या तारखांना तो गजर बंद ठेवा. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे डबीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्या ड्रॉवरमध्ये अर्ध्या-अर्ध्या स्ट्रिप्सचा ढीग आहे. मुदत संपत आली की मोबाइलने सांगावं, असं काही करता येईल का?
– वाचक, सिडको

उत्तर : येईल, पण प्रत्येक औषधाचा वेगळा गजर लावू नका. महिन्याभरात वैतागून सगळेच बंद कराल. महिन्याच्या १ तारखेला एकच गजर लावा, नाव ‘ड्रॉवर’. त्या दिवशी चहा घेता घेता ड्रॉवर उपसायचा. छापलेली मुदत ०८/२०२६ असेल तर औषध ३१ ऑगस्टपर्यंत चालतं, १ तारखेलाच बाद होत नाही. काउंटरवर यावरून रोज वाद होतात.

खरी अडचण कापलेल्या स्ट्रिपची. तारीख बहुधा एकाच टोकाला असते आणि ते टोक दुसऱ्याच गिऱ्हाइकाबरोबर जातं. सुट्या गोळ्या घेताना तारखेचं टोक दाखवायला सांगा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढा. यात लाजण्यासारखं काही नाही. सरकारने निवडलेल्या ३०० ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्यात बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख असते. कॅमेऱ्याने वाचता येतो, फक्त तो कोडही कात्रीतून वाचलेला हवा.

गजराची खरी गरज आहे ती उघडलेल्या बाटल्यांना, आणि तिथेच कुणी लावत नाही. डोळ्यांचे थेंब उघडले की साधारण चार आठवड्यांत टाकून द्यायचे, बाटलीवर मुदत पुढच्या वर्षीची असली तरी. लहान मुलांचं पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक बहुधा सात दिवसच. वापरात काढलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेनही साधारण चार आठवडे. काही प्रकारांत फरक असतो, तो आतल्या कागदावर बघा. सील तोडलं की त्याच मिनिटाला मोबाइलच्या कॅलेंडरवर ‘डोळ्यांचे थेंब टाकणे’ अशी नोंद करायची. बाटलीवर तारीखही लिहा, कारण मोबाइल बदलतो.

प्रश्न : मी सिन्नरला डिप्लोमा करतो. आजोबांसाठी आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड), बझर आणि एलईडी वापरून गोळ्यांची डबी केली. लाइट गेली की वेळ चुकते. काय करू?
– विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : शाब्बास! तुझा बोर्ड वेळ स्वतः मोजतोय, म्हणून वीज गेली की शून्यावर येतो. डीएस ३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल जोड. ते तापमानाप्रमाणे स्वतःला सावरून घेतं, त्यामुळे नाशिकचा जानेवारी असो की मे, वर्षाला एखाद्या मिनिटाच्या पलीकडे सहसा हलत नाही. तसं सावरून न घेणाऱ्या जुन्या डीएस १३०७ मॉड्यूलच्या नादी लागू नकोस. वीज नसताना वेळ चालू ठेवायला मॉड्यूलवर बटण सेल असतो.

पण बाजारात हे मॉड्यूल ज्या निळ्या बोर्डावर मिळतं, त्यावर सेल चार्ज करायचं सर्किट असतं. ते एलआयआर २०३२ या रिचार्जेबल सेलसाठी आहे. आपण दुकानातून आणतो तो साधा सीआर २०३२, तो चार्ज करायचा नसतो. पाच व्होल्टवर तसाच ठेवलास तर तो फुगतो, गळतो. चार्जिंगच्या वाटेवरचा डायोड किंवा त्याच्या शेजारचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाक, मग साधा सेल बसव.

पॉवर बँकवर चालवायचा विचार असेल तर आधी रात्रभर लावून बघ. करंट फारच कमी असला की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात. जुना मोबाइल चार्जर बरा.

आणि बझर बंद करायचं बटण काढून टाक. झाकणात छोटं चुंबक आणि डबीच्या कडेला रीड स्विच (चुंबक जवळ आलं की चालणारा स्विच) बसव. झाकण उघडलं की आवाज थांबेल, त्याआधी नाही. एलईडी मात्र झाकण उघडून परत लागेपर्यंत पेटलेला राहू दे. आजोबांना कमी ऐकू येत असेल तर दिवाच कामाला येईल. उघडल्याची वेळ मेमरीत साठव. दुसरा गजर व्हायच्या आत तेच झाकण पुन्हा उघडलं तर बझर वेगळ्या सुरात वाजव, म्हणजे दुसऱ्यांदा गोळी घ्यायला निघालेला हात थांबेल. तुझ्या सरांना हा भाग आवडेल.

प्रश्न : गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत ठेवल्या तर खराब होत नाहीत का?
– वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आठवड्याभरापुरत्या बहुतेक गोळ्यांना चालतं. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन मात्र मूळ काचेच्या बाटलीतच राहू द्या. फिटची व्हॅल्प्रोएटची गोळी हवेतला ओलावा ओढते, तीही काढू नका. सूनबाईची पद्धत अशी : शंका असेल ती गोळी फॉइलसकट कापून कप्प्यात ठेवायची आणि तारखेचं टोक सगळ्यांत शेवटी वापरायचं. कापलेल्या तुकड्याचे टोकदार कोपरे कात्रीने गोल करा, आणि घरात नजर अधू झालेलं कुणी असेल तर फॉइलमधली गोळी दुसऱ्याने काढून हातावर द्या. रॅपरसकट गोळी गिळली जाते, आणि मग ती घशात किंवा अन्ननलिकेत अडकते.