जालन्याचा आमचा बारा जणांचा रनिंग ग्रुप पहिल्यांदाच मुंबईला हाफ मॅरेथॉनला (२१ किलोमीटर) चाललाय. कोरड्या हवेत पळणाऱ्यांना तिथे त्रास होतो म्हणतात, खरं का? आणि ग्रुपने जाताना काय सांभाळावं?

त्रास होतो. सगळे पेडर रोडच्या चढाची भीती घालतात, पण आम्हाला चढाने नाही, घामाने मारलं.

आम्ही परभणीचे अकरा जण २०२४ च्या जानेवारीत गेलो होतो. एक निवृत्त मास्तर, एक मेडिकलवाला, महावितरणचा वायरमन, दोन शिक्षिका, असे सगळे हौशी. आणि सगळ्यांचे मामा, वय ५८, किराणा दुकान. आमचं रोजचं पळणं कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर. जानेवारीत तिथे कानटोपी घातल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. जालन्याची थंडी काय वेगळी असणार!

आता टी-शर्टकडे बघा. परभणीत दीड तास पळून आलं की पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात, कापड मात्र जवळजवळ कोरडं. घाम आला की उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या हवेत आधीच एवढं पाणी की घाम उडतच नाही, नुसता गळतो. माहीमहून निघालो, चौथ्या किलोमीटरला माझ्या कोपरावरून थेंब टपकायला लागले. दहाव्याला बुटात पचपच. पहाटेचा अंधार, थंडीचे दिवस, आणि अंग भट्टीसारखं तापलेलं. घड्याळात वेग नेहमीचाच दिसत होता, पण धाप नेहमीची नव्हती. इथे मला हाफला दोन तास पाच मिनिटं लागतात, तिथे दोन सतरा लागले. तेही शेवटचे तीन किलोमीटर अर्धे चालत.

एक दिवस आधी जाऊन हवेची सवय होईल हा भ्रम काढून टाका. दमट उष्म्याला शरीर रुळायला दहा-चौदा दिवस लागतात, तेवढी रजा कुणाला मिळते? त्यापेक्षा इथलं टाइमिंग घरी ठेवून जा. पहिले पाच किलोमीटर दर किलोमीटरला वीस-तीस सेकंद हळू पळा, मग अंगात उरलं तर बघा. मी हे केलं नाही, मास्तरांनी केलं. हाजी अलीच्या पुढे ते माझ्या बाजूने "चला, चला" म्हणत निघून गेले.

नुसतं पाणीही ढोसू नका. घामासोबत मीठ जातं, वरून साधं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, डोकं गरगरतं, मळमळतं. आमच्या मेडिकलवाल्याने प्रत्येकाला ओआरएसची पुडी दिली होती, तिचा उपयोग झाला. आणि व्हॅसलीन. मांड्यांना, काखेत, पुरुषांनी छातीलाही. ओल्या कापडाने कातडी किती सोलते ते इथे आपल्याला कळतच नाही. वायरमन लाजला, त्याने लावलं नाही. शर्यतीनंतर आंघोळीला गेला तेव्हा त्याची बोंब आम्ही बाहेर ऐकली.

वाटेतल्या वांद्रे-वरळी सी लिंकबद्दल एक सूचना. पूल ५.६ किलोमीटरचा आहे आणि एरवी तिथे पायी जायला बंदी, त्यामुळे वर चढलं की लोकांना सेल्फीचं भरतं येतं. पुढचा माणूस मधेच थबकतो आणि आपण त्याच्या पाठीवर. कडेने पळा. वारा समोरून असला तर एखाद्या धिप्पाड माणसाच्या मागे राहा, त्यात कमीपणा काही नाही.

मुंबई हे बेट आहे, सात बेटं जोडून झालंय, हे शाळेत पाठ केलं होतं. पण हाजी अलीजवळच्या ज्या रस्त्यावरून आपण पळतो तिथे पूर्वी समुद्राचं पाणी आत शिरायचं आणि १७८४ च्या सुमारास बांध घालून ते अडवलं, हे मास्तरांनी पळता पळता सांगितलं. त्या वेळी मला इतिहासात अजिबात रस नव्हता. नंतर मात्र वाटलं, समुद्र बुजवून केलेल्या जागेत घाम वाळेल ही अपेक्षाच चुकीची.

नियोजनाचं म्हणाल तर देवगिरी एक्सप्रेस तुम्हालाही सोयीची. ती सकाळी सीएसएमटीला सोडते. शनिवारी बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जावं लागतं, ओळखपत्र विसरू नका. हाफ माहीमहून सुटते आणि आझाद मैदानाजवळ संपते, म्हणजे मुक्काम कुठेही केला तरी एका बाजूला भल्या पहाटे जायचंच आहे. आम्ही डोंबिवलीला एका पाहुण्यांकडे उतरलो. अकरा जण दोन खोल्यांत. त्यांनी प्रेमाने धपाटे केले, आम्ही घरून ठेचा नेलेला. सगळ्यांनी बेतानं खाल्लं, मामांनी खाल्लं नाही बेतानं. पहाटे माहीमला शौचालयाची रांग बघूनच त्यांचा चेहरा उतरला.

या मामांमुळेच सांगतो, शर्यत संपल्यावर भेटायची जागा आधी ठरवा, वेळही ठरवा. मामांनी फोन बॅगेत टाकून बॅग सुरुवातीलाच जमा केली होती. आमच्यातले दहा जण मैदानाजवळ दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात बसलो, मामांचा पत्ता नाही. शर्यत सुटून तीन तास झाले. शिक्षिका ताई मेडिकल तंबूत दोनदा विचारून आल्या. शेवटी तीन तास बावीस मिनिटांनी मामा आले, गळ्यात पदक, हातात अर्धं संत्रं.

"मामा, कुठं राहिलात ओ?"

"अरे, यायलोच होतो. पेडर रोडला एका आजींनी संत्रं दिलं. पळत पळत कसं सोलावं? बसलो."

आपल्याच बीडच्या आष्टी तालुक्यातला धावपटू अविनाश साबळे, त्याने २०२० साली दिल्लीत हेच अंतर एक तास तीस सेकंदांत काढलंय. तेवढ्या वेळात मामा सी लिंक उतरत होते. पण आमच्या परभणीच्या ज्योती गवते २०१७ साली याच मुंबईत पूर्ण मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या होत्या, तेव्हा कोरड्या हवेचं कारण फार ताणायलाही आम्हाला लाज वाटते.

एक राहिलंच. परतीचं तिकीट काढताना लोअर बर्थ मागून घ्या. आमच्या अकरांतले पाच अप्पर आले होते. कल्याण आलं तरी वायरमन शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता, दुसरा काही उचलेना. शेवटी नांदेडला जाणाऱ्या एका पोराने, जो कधी पळाला नसेल, पाचही जणांना ढकलून वर चढवलं.