मुले झाल्यानंतर नवरा-बायकोने एकत्र हसायचे कधी?

तुम्ही लिहिले आहे की लग्नाला सात वर्षे झाली, मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा आहे, दोघांमध्ये भांडण असे काही नाही, पण संध्याकाळी समोरासमोर आलात की दूध, डबा आणि डॉक्टर यांखेरीज बोलायला विषय उरत नाही. पूर्वीची गंमत परत कशी आणावी, असा तुमचा प्रश्न आहे. आमच्या लग्नाला अकरा वर्षे झाली आहेत, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे, सासूबाई आमच्याबरोबर राहतात आणि आम्ही दोघेही डोंबिवलीहून रोज लोकलने नोकरीला जातो. तुम्ही वर्णन केलेल्या अवस्थेत आम्ही जवळपास दोन वर्षे होतो, त्यामुळे जे करून पाहिले तेवढेच सांगते.

आमच्या बाबतीत ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती फोनमुळे. धाकटा एक वर्षाचा असताना त्याच्या लसीची तारीख शोधण्यासाठी मी नवऱ्याबरोबरचे जुने संदेश वर सरकवत गेले. दूध आण, सिलेंडर आला का, फी भरली, ताप उतरला, आज उशीर होईल, डायपर संपले. संपूर्ण महिनाभराच्या संदेशांत एकही वाक्य असे नव्हते की जे घरातल्या कामासाठी नव्हते. आमच्यात दुरावा आला होता असे मी म्हणणार नाही; आम्ही एकमेकांवर पूर्ण विसंबून होतो आणि काम चोख चालले होते. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी ज्या माणसाबरोबर मी रात्री एक वाजेपर्यंत कॅरम खेळत असे, त्या माणसाला मी शेवटचे कधी हसताना पाहिले, हे मला आठवेना, आणि त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटले.

मग लोक करतात तेच आम्हीही केले. मुलांना सासूबाईंकडे ठेवून एका शनिवारी हॉटेलात जेवायला गेलो. दीड तासात घरून तीन फोन आले, उरलेल्या वेळात आम्ही मुलीच्या शाळेविषयी बोललो आणि थकून परत आलो. बाहेर जाणे वाईट असते असे नाही, पण त्यासाठी जी तयारी करावी लागते ती करून उत्साहच संपतो, असा आमचा अनुभव आहे.

खरा बदल झाला तो एका शुक्रवारी, आणि ठरवून झाला नाही. सासूबाई चार दिवसांसाठी नणंदेकडे गेल्या होत्या, मुलांना वरण-भात भरवून झोपवले होते आणि आमच्यासाठी स्वयंपाक करण्याचे त्राण माझ्यात नव्हते. कपाटात मुलीच्या हट्टासाठी आणलेले पास्त्याचे पाकीट पडून होते. नवरा म्हणाला, "अगं, तू बस, मी करतो." मी म्हणाले, "तुला येतं का?" तो म्हणाला, "तुला तरी कुठे येतं?" ते अगदी खरे होते. आम्ही दोघे ओट्याजवळ उभे राहून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचू लागलो. पास्ता अठरा मिनिटे उकळला, पाणी काढून तसाच झाकून ठेवला, आणि टोमॅटो शिजेपर्यंत त्याचा एकसंध गोळा झाला. तो गोळा सुरीने कापून ताटात वाढताना आम्ही दोघे इतके हसलो की शेवटी मुले उठू नयेत म्हणून तोंडावर हात ठेवावा लागला.

त्या रात्रीविषयी मी पुढे बराच विचार केला. इतर वेळीही नवरा स्वयंपाकघरात मदत करत असे, पण त्यात मजा कधीच नव्हती, कारण पोळी-भाजीच्या स्वयंपाकात मी जाणकार होते आणि तो मदतनीस होता. मीठ किती घालू, भेंडी एवढी जाड चालेल का, असे तो विचारी. मी उत्तर देई, आणि बहुतेक वेळा त्याने चिरलेल्यात काहीतरी दुरुस्तीही सांगे. मुलांच्या बाबतीतही असेच होते: ताप आला की कपाळावर पट्टी कधी ठेवायची, कोणते औषध जेवणानंतर द्यायचे, हे एकाला माहीत आणि दुसऱ्याने विचारायचे. दिवसभर एक जण सांगणारा आणि दुसरा ऐकणारा असेल, तर त्या दोघांत खेळ रंगत नाही. पास्ता आमच्यापैकी कोणाच्याच आईने कधी केला नव्हता. त्यात बरोबर काय आणि चूक काय, हे दोघांनाही माहीत नव्हते, म्हणून आम्ही बऱ्याच दिवसांनी बरोबरीच्या नात्याने शेजारी उभे होतो. माझे उत्तर मुख्यतः एवढेच आहे: आठवड्यातून एकदा, दोघांनाही न येणारे असे काहीतरी एकत्र करा.

या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे, हे मला नंतर कळले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विवाहित जोडप्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला दीड तास एकत्र घालवायला सांगितले होते. काहींनी नेहमीच्या सुखद गोष्टी करायच्या होत्या आणि काहींनी उत्साह वाटेल अशा, सहसा न केलेल्या गोष्टी करायच्या होत्या. दहा आठवड्यांनंतर वैवाहिक समाधान अधिक वाढले ते दुसऱ्या गटातल्या जोडप्यांचे. दीड तास हा आकडा मला फार दिलासा देणारा वाटतो, कारण दीड वर्षाचे मूल असलेल्या घरातही तो निघू शकतो.

परंतु तो कोणाच्या वाट्याच्या वेळातून निघतो, हे आधी पाहावे लागेल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार आपल्या देशात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या. पुरुषांपैकी मुळात 26 टक्क्यांच्या आसपासच असे काम करत होते आणि त्यांची सरासरी 97 मिनिटे होती. म्हणजे एकीची पाच तासांची पाळी आणि दुसऱ्याची जेमतेम दीड तासाची. तुमच्या घरातले आकडे मला माहीत नाहीत, पण तुम्ही दोघांनी एक आठवडा प्रामाणिकपणे ते लिहून पाहावेत असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही लिहिले होते, आणि त्यानंतर मुलांची आंघोळ, सकाळचे डबे आणि रात्रीची भांडी ही तीन कामे नवऱ्याने कायमची आपल्याकडे घेतली. "मदत म्हणून" घेतली नाहीत, तर ती त्याचीच आहेत आणि मी त्यांची आठवण करून देत नाही. हे झाले नसते, तर शुक्रवारचा पास्ता हे माझ्यासाठी आणखी एक काम ठरले असते, आणि थकलेल्या माणसाला आनंदी राहण्याचा आग्रह करणे हा अन्यायच आहे.

आता पास्ता. दर शुक्रवारी मुलांचे जेवण साडेसातला होते, नऊपर्यंत ती झोपतात आणि सव्वानऊला आम्ही पाणी ठेवतो. दोघांसाठी 160 ते 180 ग्रॅम पेने, म्हणजे नळीच्या आकाराचा पास्ता, पुरतात. पाणी दोन लिटर घ्यावे, कमी पाण्यात पास्ता एकमेकांना चिकटतो, आणि दर लिटरला चहाचा सपाट दीड चमचा मीठ घालावे, कारण पास्त्याच्या आत मीठ जाण्याची हीच एक संधी असते. पाण्यात तेल घालू नये. त्याने पास्ता बुळबुळीत होतो आणि सॉस त्याला धरत नाही. पाकिटावर ड्युरम गहू असे लिहिलेले पाहून घ्यावे. हा परका गहू नाही, आपल्याकडे ज्याला बन्सी म्हणतात आणि ज्याचा रवा व शेवया उत्तम होतात तोच हा कठीण दाण्याचा गहू आहे, आणि म्हणूनच शिजल्यावरही त्याचा लगदा होत नाही.

पाणी उकळेपर्यंतच्या आठ-दहा मिनिटांत एकाने लसणाच्या सहा पाकळ्यांचे पातळ काप करावेत आणि दुसऱ्याने तीन लालबुंद टोमॅटो बारीक चिरावेत. पास्ता पाण्यात पडला की शेजारच्या शेगडीवर पसरट कढईत तीन मोठे चमचे तेल घ्यावे. ऑलिव्हचे असेल तर उत्तम, पण आम्ही अनेकदा शेंगदाणा तेलच वापरतो. लसूण अगदी मंद आचेवर ठेवावा आणि कडेने सोनेरी दिसू लागला की लगेच एक मोडलेली सुकी मिरची आणि टोमॅटो घालावेत. लसूण तपकिरी झाला की कडवट होतो आणि तो कडवटपणा मग कशानेही जात नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी पास्ता काढायचा असतो, आणि त्यापूर्वी त्याच्या पाण्यातले एक वाटी पाणी बाजूला ठेवायचे असते. हे पाणी म्हणजे पास्त्याची पेज समजा. त्यात उतरलेल्या पिठुळपणामुळे तेल आणि टोमॅटोचा रस एकजीव होतो आणि सॉस प्रत्येक तुकड्याला लागून बसतो. आमचा पहिल्या शुक्रवारचा गोळा झाला होता तो नेमका ही एक वाटी फेकून दिल्यामुळे आणि पास्ता थांबवून ठेवल्यामुळे.

शेवटची दोन मिनिटे मला या सगळ्यात सर्वाधिक आवडतात. कढई मोठ्या आचेवर असते, एकाने पास्ता सतत खालीवर करायचा असतो आणि दुसऱ्याने चमच्याचमच्याने ते पाणी सोडायचे असते. थांब, अजून थोडे, आता पुरे, असे बोलणे तेवढ्यात चाललेले असते. हे एकट्याला जमत नाही असे नाही, पण चार हातांनी फार सुंदर जमते. आच बंद केल्यावर किसलेले चीज आणि सब्जाची पाने घालतो. फालुद्यात जे सब्जाचे बी घालतात, ते कुंडीत पेरले की येणारे झाड म्हणजे तुळशीचीच एक जात, जिला परदेशात बेसिल म्हणतात. आमच्या खिडकीत ते वर्षभर असते. चातुर्मासात सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून त्या चार महिन्यांत आम्ही लसणाऐवजी भरपूर मिरेपूड घालतो आणि त्यांची वाटी आधी काढून ठेवतो. सुरुवातीला "दोघे असे उपाशी का बसता, पोरांबरोबर का जेवत नाही?" असे त्या काळजीने विचारत. मी त्यांना स्पष्ट सांगितले, "आई, आठवड्यातून एकदा आम्हाला दोघांनाच जेवायचं असतं." त्यांनी ते इतक्या सहजपणे स्वीकारले की मी दोन वर्षे उगाच संकोच केला असे मला वाटले. एकत्र कुटुंबात राहात असाल, तर हे लपवून करू नका, सांगून करा.

जेवताना आमचा एकच नियम आहे: मुलांचा विषय काढायचा नाही आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे. पहिले काही शुक्रवार त्यामुळे चक्क शांततेत गेले. त्या शांततेला घाबरू नये. हळूहळू तो मला कचेरीतल्या माणसांविषयी सांगू लागला, मी वाचलेले काहीतरी सांगू लागले, आणि एके दिवशी त्याने कपाटामागून कॅरमचा बोर्ड ओढून काढला, ज्याच्यावर गेली चार वर्षे मुलांची दुपटी वाळत होती. आता जेवणानंतर गोधडीची चौघडी घालून त्यावर आम्ही बोर्ड ठेवतो, म्हणजे सोंगट्यांचा आवाज खाली जात नाही आणि मुलेही उठत नाहीत. बोरिक पावडर हातांना लागलेली, राणी घेतली पण कव्हर होत नाही, आणि समोरचा माणूस श्वास रोखून बघतो आहे, अशा वेळी मला तो पूर्वीचाच दिसतो. शरीराची जवळीकही आमच्यात परत आली ती अशाच रात्रींच्या मागोमाग आली. ती स्वतंत्रपणे आणण्याचा आम्ही जितका प्रयत्न केला होता, तितका त्याचा ताणच झाला होता.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. तुमच्यापैकी कोणाला कशातच रस वाटत नसेल, मूल झोपलेले असूनही झोप येत नसेल, रडू आवरत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, तर ते गंमत हरवणे नव्हे; कृपया डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

तुमचा धाकटा दीड वर्षाचा आहे, म्हणजे तो मध्येच उठणार हे गृहीत धरा. आमचा उठे तेव्हा ज्याच्या हातात त्या क्षणी चमचा नसेल तो त्याला थोपटायला जाई आणि दुसरा आच बंद करून थांबे. एकट्याने पुढे जेवायचे नाही, हे आम्ही पाळले. म्हणून पहिले काही शुक्रवार टोमॅटोचा सॉस संध्याकाळीच करून ठेवा आणि पास्ता तेवढा मूल झोपल्यावर पाण्यात टाका. तो मध्येच थांबवावा लागला, तर पाणी काढून त्याला चमचाभर तेल चोळून ठेवा आणि ती वाटीभर पेज झाकून ठेवा; अर्ध्या तासाने कढईत दोन्ही एकत्र गरम केले की तो पुन्हा सुटा होतो.